भाकऱ्या मोजणं आणि पिठाचं प्रमाण

स्वयंपाक करता करता मुलांना गणित शिकवा, हा सल्ला आता पालकसभांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणांत सर्रास दिला जातो. करोनात शाळांना कुलपं लागली तेव्हा त्याला जोर आला, आणि सल्ला मुळात योग्यच आहे. पण करायला सांगतात काय? भाकऱ्या मोजा, कांदे मोजा, ताट गोल आहे हे दाखवा. पहिलीच्या मुलाला एवढं पुरतं. पाचवी-सहावीच्या मुलाकडूनही तेच करून घेतलं, तर त्याचं गणित जिथल्या तिथे राहतं.

हातच्या कामातून शिक्षण ही गोष्ट विदर्भाला नवी नाही. 1937 च्या वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाच विचार मांडला गेला. त्या विचाराशी माझं भांडण नाही, पाढ्यांचा आग्रह धरणाऱ्यांशीही नाही; पाढे हवेतच. माझा विरोध आहे तो मूल आईजवळ बसलं की गणित आपोआप शिकतं, असं मानणाऱ्यांना.

तसं असतं तर पिढ्यान्‌पिढ्या चुलीपाशी बसवलेल्या आपल्या मुली गणितात सगळ्यांच्या पुढे असत्या. संशोधनही हेच सांगतं. 2025 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करतात, पण तशीच आकडेमोड पुस्तकी रूपात समोर आली की अडखळतात. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट होतं. बाजारात चूक झाली तर पदरचे पैसे जातात. तिथलं शिकणंसुद्धा आपोआप वहीत उतरत नसेल, तर भाकऱ्या मोजून ते कसं उतरणार? यावर सांगतात की मुलांची भीती जाते. भीती जाणं मोलाचंच, पण ती गेल्यावर मुलापुढे प्रश्न कोणता ठेवलात? मग म्हणतात, आईच्या अंदाजातच गणित आहे. आहे, पण ते आईपाशी आहे. मुलाला नुसता तिचा हात दिसतो. तिने अंदाज बोलून दाखवला, मुलाने मापून पाहिला आणि लिहून ठेवला, तरच तो त्याचा होतो.

म्हणून मोजणं आणि प्रमाण धरणं यांत मी फरक करतो. विदर्भातल्या मलकापूर, जळगाव जामोदकडे कळण्याची भाकरी होते. ज्वारीत उडीद घालून, मीठही दळणातच टाकून पीठ दळून आणतात. उडीद किती, हे घरोघरी वेगळं. एखाद्या घरी चार मापटी ज्वारीला एक मापटं उडीद धरत असतील आणि या खेपेला ज्वारी दहा मापटी घेतली, तर उडीद किती? अडीच मापटी. उडीद जास्त झाला तर पीठ चिकट होतं, म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे भाकरी थापतानाच कळतं. आणि याच्याही पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही: प्रमाणात काय वाढत नाही? दहा माणसांऐवजी चाळीस माणसांचे रोडगे करायचे तर कणीक चौपट लागते. गोवऱ्यांच्या आरात ते भाजायला मात्र चौपट वेळ लागत नाही. हे ज्याला कळलं त्याला त्रैराशिक कुठे लावायचं आणि कुठे नाही, हेही कळलं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रमाणाचं असंच उदाहरण रोज शिजतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम धान्य आणि 20 ग्रॅम डाळ धरतात. सहावी ते आठवीसाठी 150 आणि 30. माप बदललं, प्रमाण पाचास एकच राहिलं. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा सहावीच्या पुस्तकात आहे आणि खिचडी त्याच शाळेत शिजते.

तेव्हा गुरुजींनी हा धडा खिचडीच्या पातेल्यापासून सुरू करावा. घरी आईवडिलांनी मुलीइतकंच मुलालाही चुलीजवळ बसवावं आणि विचारावं: माणसं वाढली तर काय किती वाढवायचं, आणि काय वाढवायचं नाही? उत्तर त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावं.