फिनच्या अंगावरची खूण

नोरा रॉबर्ट्सची ओ'ड्वायर भावंडांची तीन पुस्तकं वाचलेली दोन माणसं भेटली की एक वाद होतोच. ब्रॅनाचं बरोबर की फिनचं? आमच्या ऑफिसात अशा आम्ही तिघी आहोत आणि डब्यातली पोळी सुकेपर्यंत हा वाद चालतो. बाकीची टीम हसते. हसू देत. मला हा प्रश्न नुसता प्रेमकथेतला वाटत नाही, म्हणून लिहितेय. (स्पॉयलर भरपूर आहेत.)

गोष्ट थोडक्यात अशी. 'डार्क विच' २०१३ मध्ये आलं, 'शॅडो स्पेल' आणि 'ब्लड मॅजिक' २०१४ मध्ये. सगळं घडतं आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या काँग नावाच्या गावाभोवती. १२६३ साली तिथल्या जंगलात सॉर्खा नावाची विच काव्हन नावाच्या दुष्ट मांत्रिकाशी लढताना मरते आणि आपली शक्ती तीन मुलांना देऊन जाते. ('चेटकीण' हा शब्द मी मुद्दाम टाळतेय. आपल्याकडे तो शब्द उच्चारला की उलट्या पायांची बाई डोळ्यांपुढे येते, आणि सॉर्खा तशी नाही.) काव्हन मात्र पुरता मरत नाही. साडेसातशे वर्षांनी सॉर्खाच्या वंशातले तिघं त्याच्याशी लढायला उभे राहतात: ब्रॅना, तिचा भाऊ कॉनर आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून आलेली नात्यातली बहीण आयोना.

आणि फिन बर्क. ब्रॅना आणि फिन लहानपणापासूनचे. सतराव्या वर्षी दोघं पहिल्यांदा एकत्र येतात आणि त्याच वेळी फिनच्या अंगावर काव्हनची खूण उमटते. म्हणजे तो शत्रूच्या रक्ताचा. हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. ब्रॅना नातं तोडते. पुढची कितीतरी वर्षं फिन जगभर फिरतो, ती खूण पुसायचा उपाय शोधतो, तो सापडत नाही. तो परत येतो, ब्रॅनाच्या बाजूनं काव्हनशी लढतो, आणि तरीही ब्रॅना 'नाही' म्हणते.

आमच्या टेबलावर फिनच्या बाजूनं दोन मतं पडतात. खापरपणजोबांच्याही पलीकडच्या कोणी काही केलं, त्याची शिक्षा याला का? इतकं सोपं वाटतं ते. पण रॉबर्ट्सबाई तितक्या सोप्या नाहीत. त्यांच्या कथेत ती खूण जिवंत आहे. तिच्यातून काव्हन फिनला हाका मारू शकतो, त्याला आपल्याकडे ओढू शकतो. तेव्हा ब्रॅनाची भीती ही अंधश्रद्धा नाही. शिवाय प्रेम हे काही कुणाचं देणं नसतं. एखादीला एखादा नको असेल तर तिनं कारण देण्याचीही गरज नाही. इथपर्यंत मी ब्रॅनाच्या बाजूची आहे.

पण ब्रॅना कारण देते. आणि ते कारण 'रक्त' हे आहे. तिथे मी अडखळते.

कारण पहिल्या पुस्तकातला सगळ्यात गोड भाग आठवा. आयोना बाल्टिमोरमधलं सगळं विकून, कुणाला ओळखत नसताना आयर्लंडला येते. ब्रॅना आणि कॉनरच्या दारात उभी राहते आणि काही वेळातच तिला घर मिळतं, पाठोपाठ तबेल्यात नोकरी, घोडा, माणसं, शक्ती. तिनं हे कमावलंय का? नाही. ती सॉर्खाच्या रक्ताची आहे, एवढंच. वाचताना आपले डोळे भरून येतात, कुणालाही हे अन्यायाचं वाटत नाही. आता हाच नियम फिनला लावला की लगेच आपण वकील होतो. रक्तातून चांगुलपण आलं तर ती परंपरा, आणि वाईट आलं तर 'त्याचा काय दोष!' आपल्याकडे म्हण आहेच, खाण तशी माती. ती म्हण आपण स्वतःचा गौरव करताना वापरतो आणि दुसऱ्याला नाकारतानाही. दोन्हींतलं एकच ठेवून घ्यायची सोय तिच्यात नाही.

गंमत अशी की काँगच्या आसपासच्याच मातीत याचं एक फार जुनं उत्तर पडलेलं आहे. आयरिश पुराणकथांत देवकुळाची, म्हणजे टुआथा डे डाननची, पहिली मोठी लढाई 'मॉयतुरा'च्या मैदानावर होते, आणि ते मैदान काँगजवळचंच, असं परंपरा सांगते. ऑस्कर वाइल्डचे वडील सर विल्यम वाइल्ड यांनी तिथे 'मॉयतुरा हाउस' नावाचं घर बांधलं आणि लॉक कॉरिब या तळ्यावरच्या १८६७ च्या पुस्तकात ही लढाई याच मैदानावरची असल्याची बाजू मांडली. त्या लढाईत राजा नुआडाचा हात तुटतो. अंगात व्यंग असलेला राजा चालत नाही, म्हणून गादी जाते ब्रेसकडे. ब्रेसची आई देवकुळातली, बाप एलाथा शत्रूंचा, म्हणजे फोमोरियनांचा राजा. म्हणजे हा अर्ध्या रक्ताचा. ते सगळ्यांना माहीत असतं. उलट त्या नात्यानं शत्रूशी सलोखा राहील असाच हिशोब असतो.

ब्रेस वाईट राजा निघतो. पण त्याचे गुन्हे काय सांगितलेत ते पाहा. त्याच्याकडे जेवायला गेलेल्यांच्या सुऱ्यांना चरबी लागत नसे आणि तोंडाला बिअरचा वास येत नसे. कंजूष! एका कवीला तो कोरडी भाकरी देऊन अंधाऱ्या खोपटात ठेवतो, कवी त्याच्यावर उपहासाचं कवन रचतो आणि राजाचं नशीब फिरतं. गादीवरून उतरवताना कुणी त्याच्या बापाचं नाव काढत नाही. त्याहून कडी म्हणजे तो सैन्य मागायला त्या फोमोरियन बापाकडे जातो, तेव्हा बाप विचारतो, तुला तिथून कशामुळे यावं लागलं? ब्रेस कबूल करतो की माझ्याच अन्यायामुळे आणि उद्धटपणामुळे. बाप खूश होत नाही. न्यायानं जे टिकवता आलं नाही ते अन्यायानं मिळवू नये, असं त्याला सुनावतो. 'शत्रूच्या रक्तात'ला न्याय ब्रेसपर्यंत पोचलाच नाही म्हणायचा.

आणि मग दारात येतो लू. हाही अर्ध्या रक्ताचा. त्याच्या आईचा बाप बलोर, ज्याच्या एका डोळ्याच्या नजरेनं सैन्यं गारद होतात तो फोमोरियन. (लोककथेत बलोरला नातवाच्या हातून मरण येणार असं भाकीत असतं म्हणून तो मुलीला टोरी बेटावरच्या मनोऱ्यात कोंडतो. कंस आठवला ना?) टाराच्या दरवाज्यावर लूची ओळख सांगितली जाते ती आजोबांच्या नावासकट: बलोरच्या मुलीचा मुलगा. द्वारपाल ते ऐकतो आणि विचारतो, तुला काय येतं? कला नसलेल्याला इथे प्रवेश नाही. लू म्हणतो मी सुतार आहे. सुतार आहे आमच्याकडे. लोहार? आहे. योद्धा, वीणावादक, कवी, वैद्य... सगळे आहेत. शेवटी लू विचारतो, हे सगळं एकट्याला येणारा कुणी आहे का? माझ्या एकाही नोकरीचा इंटरव्ह्यू इतका न्याय्य झालेला नाही. हाच लू पुढे गोफणीच्या दगडानं आजोबांचा डोळा फोडतो.

सारखंच मिश्र रक्त, दोन माणसं. कथा कुठे भाष्य करत नाही, दोघांना शेजारी ठेवून पुढे जाते. माझी तक्रार अशी की ही कथा ज्या मातीतली, तिथेच रचलेल्या कादंबरीत खूण खरं बोलते. अंगावर उमटली म्हणजे आत काहीतरी आहेच! आपल्या जगात खुणा अशा आपोआप उमटत नाहीत. त्या कुणीतरी उमटवतं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. कायदा १९५२ मध्ये गेला, पण पारधी वस्तीतल्या पोराला गावात चोरी झाल्यावर पहिलं कोण हुडकतं ते विचारून पाहा. त्या खुणेमागे कुठलाही काव्हन कुजबुजत नव्हता. शिक्का मारणाऱ्याच्या हातात फक्त शिक्का होता.

मग रक्तातून काहीच येत नाही का? इथे मला सोयीचं उत्तर देता येत नाही, कारण माझ्या इंजिनीअरिंगची फी जमिनीच्या एका तुकड्यातून आली. तो पणजोबांनी 'घेतला' होता. 'घेतला' हा आमच्या घरातला शब्द. पणजोबा व्याजानं पैसे देत आणि ज्याची ती जमीन होती त्याला ते फेडता आले नाहीत. हे आजीनं मला लसूण सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं, त्या घरातलं कुणी पुढे शिकलं का? "ती लोकं केव्हाच मुंबईला गेली गं. आणि व्यवहार होता तो, कुणी लुबाडलं नव्हतं."

हॅना अरेंटनं १९६८ च्या एका निबंधात दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. दोष नेहमी ज्याचा त्याचा असतो. पण आपण न केलेल्या गोष्टींची जबाबदारी, एखाद्या समूहात जन्मल्यामुळे, आपल्यावर येऊ शकते. ती देशांबद्दल बोलत होती. मी ते पणजोबांच्या तुकड्याला लावून पाहते आणि ते बऱ्यापैकी बसतं. मी काही घेतलं नाही. पण माझा पगार, पुण्यातला वन-बीएचके, संध्याकाळी पाय पसरून कादंबऱ्या वाचायची चैन, हे सगळं त्या व्यवहारातून पुढे आलेलं आहे. आयोनाला जसा घोडा मिळाला तसं मला हे मिळालं.

फिन मला आवडतो तो यासाठी. 'मी काय केलंय?' हे म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे. त्यावर तो आयुष्य काढू शकला असता, पैसा होता, जग पडलं होतं. तो काँगला परत येतो. स्वतःला दोषी न मानता काम अंगावर घेतो, आणि ब्रॅना हो म्हणेल याची खात्री नसताना घेतो. आमच्या टेबलावरची तिसरी म्हणते, तो हे सगळं ब्रॅनासाठीच करतो, त्यात नीतिमत्ता कसली? असेलही. मला तरी हेतू इतके निवडून वेगळे करता येत नाहीत.

ब्रॅनाबद्दल मात्र मी अजून अडून आहे. ती फिनला आपल्या टेबलाशी बसवते, योजना आखताना त्याचं रक्त उपयोगी पडतं ते वापरते, आणि त्याच रक्तासाठी त्याला लांब ठेवते. 'मला भीती वाटते' एवढंच ती म्हणाली असती तर माझा वाद संपला असता.

जुने फेरफार आता बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. गेल्या महिन्यात एका रात्री मी गावाचं नाव टाकून आमच्या गट नंबरचा शोध घेतला. मोडी आणि बाळबोध मिसळलेली पानं, शाई पसरलेली. चौथ्या पानावर ते नाव आहे, आडनावासकट, आणि पुढे अंगठा. पीडीएफ फोनमध्ये आहे. बाबांना अजून दाखवलेली नाही.