धक्का कोणी सोसायचा?

तरुणपणी गृहरक्षक दलाच्या शिबिरात मी प्रथम थ्री-नॉट-थ्री रायफल खांद्याला लावली. पहिल्याच बाराने खांदा असा शेकला की पुढच्या गोळ्या कोठे गेल्या ते देव जाणे! उस्ताद काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या नकळत खोटे काडतूस भरून रायफल हाती दिली. मी चाप ओढला. बार झालाच नाही; पण माझे डोळे मिटले आणि नळीचे तोंड झटक्याने खाली गेले. सर्वांसमक्ष माझे पितळ उघडे पडले.

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना ही फजिती मी मुलांना सांगतो. शिकारीच्या रायफलीतून ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटते, तिचा हिशेब खांद्यावर चुकता होतो. नळी खांद्याच्या टेकूहून उंच, म्हणून तिचे तोंडही वर उसळते.

हा धक्का मुकाट्याने सोसावा, त्यातच मर्दुमकी, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. पण अमेरिकेत, आफ्रिकेतील काही देशांत ती कायदेशीर आहे. तेथे धक्क्याला भ्यालेल्या माणसाची गोळी हरणाच्या काळजाऐवजी पोटात बसते आणि ते मुके जनावर तासन्‌तास झुडपांतून फरफटत जाते. मुळात मारावेच का, हा प्रश्न याहून मोठा आहे. परंतु तो सुटेपर्यंत हरणे जखमी होतच राहणार.

तेव्हा धक्का कमी करावा, हे ठरले. कसा? रायफल जड घ्यावी. वजन दुप्पट केले तर तिचा मागे येण्याचा वेग निम्मा होतो. मग ते ओझे दिवसभर डोंगर चढताना वाहावे. काडतुसात दारू कमी घ्यावी. मग सावजाच्या अधिक जवळ रांगत जावे. दस्त्याला रबरी गादी लावली तर दणका थोडा लांबतो, बोथट होतो.

आणखी एक युक्ती आहे, मझल ब्रेक. नळीच्या तोंडाशी भोके असलेले टोपण बसवतात. दारूचा वायू बाजूंना व मागे फेकला जातो आणि रायफलीला पुढे ओढतो. वरच्या बाजूसही भोके असली तर तोंड दबून राहते. खांद्याला फारच आराम! मात्र त्या वायूबरोबर आवाजही बाजूला फेकला जातो, आणि बाजूला उभा असतो माग काढणारा वाटाड्या. शिकारी कानांवर झाकणे लावतो. वाटाड्याने कान झाकले तर पाचोळ्यातली चाहूल कशी लागावी? त्याची भाकरीच कानांवर. खांद्याचा काळानिळा डाग आठवड्यात जातो. आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

नॉर्वे-फिनलंडचे शिकारी सायलेन्सर लावतात. धक्का आणि आवाज दोन्ही घटतात. रायफल लांब व पुढून जड होते, ती ज्याची त्याने पेलायची. हा सौदा मला सरळ वाटतो.

परवा वर्गात एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग शिबिरात तुम्ही काय केलंत?”

“सदऱ्याच्या आत टॉवेलाची घडी घातली,” मी म्हणालो. वर्ग खो खो हसला. त्यानंतर पाचांपैकी तीन गोळ्या लक्ष्यावर लागल्या, हे सांगायला मी विसरलो नाही.