परातीतली वाळू, खाडीतला चिखल

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करता येण्याजोगा एक सोपा प्रकल्प आहे. एका ट्रेमध्ये कोरडी वाळू, दुसऱ्यात ओली माती, तिसऱ्यात कडप्प्याची लादी. एका टोकाला ठरावीक उंचीवरून वजन टाकायचं आणि दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या मोबाइलवर कंपनांचा आलेख पाहायचा. लादीतून थाप लगेच आणि ठसठशीत पोचते, वाळूत ती वाटेतच विरते. मग तक्त्यावर निष्कर्ष येतो: मऊ जमीन धक्के शोषून घेते, म्हणून ती सुरक्षित.

मोजमाप खरं, निष्कर्ष मात्र उलटा. परीक्षकांनी इथे नुसते गुण कापून पुढे जाऊ नये, कारण प्रकल्पाचा खरा अभ्यास याच जागी सुरू होतो.

भूकंपाची लहर वाळूतून आडवी सरपटत आपल्यापर्यंत येत नाही. लांबचा प्रवास ती खोल कातळातून करते आणि अखेरच्या टप्प्यात खालून वर, मऊ थरात शिरते. बसाल्टमध्ये एस-लहरींचा, म्हणजे जमीन आडवी हलवणाऱ्या लहरींचा, वेग सेकंदाला हजार मीटरहून पुष्कळ जास्त असतो. खाडीच्या मऊ चिखलात तो दोनशेच्याही खाली येतो. लहर मंदावते, पण मागून ऊर्जा येतच राहते, आणि जमिनीचं हलणं वाढतं. त्यात प्रत्येक थराचा स्वतःचा एक ताल असतो. थराची जाडी चौपट करून वेगाने भागली की तो मिळतो. समजा चिखल २० मीटर आणि वेग १५० मीटर, तर ताल साधारण अर्ध्या सेकंदाचा. इमारतीच्या हेलकाव्याचा ढोबळ आडाखा मजल्यामागे एक दशांश सेकंद. म्हणजे पाच मजली इमारत त्याच तालात डोलणार, आणि झोक्याला नेमक्या क्षणी ढकलत राहावं तसा तिचा हेलकावा वाढत जाणार.

१९८५ मध्ये मेक्सिको सिटीत हेच घडलं. केंद्र ३५० किलोमीटरहून लांब होतं, तरी जुन्या सरोवराच्या गाळावरच्या इमारती कोसळल्या, कातळावरचा भाग बराचसा बचावला. २००१ च्या भूजच्या भूकंपात २०० किलोमीटरहून दूरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तिथे सदोष बांधकाम हे मोठं कारण होतंच, पण साबरमतीच्या गाळाचाही त्यात वाटा होता.

आता मुंबईच्या उपनगरांचं आपलं साष्टी बेट पाहा. अंधेरीत गिल्बर्ट हिलचे बसाल्टचे उभे खांब सुमारे ६० मीटर उंच आहेत. बोरिवलीत पूर्वेला कान्हेरीची लेणी पोटात घेतलेला कातळ आणि पश्चिमेला गोराईची खाडी. मुलुंडला दिशा उलटतात: पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला मिठागरं आणि ठाण्याची खाडी. घाटकोपरही तसंच, पश्चिमेला टेकड्या, पूर्वेला खारफुटी. रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडे जाईपर्यंत पायाखालची जमीन पार बदललेली असू शकते. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या नकाशात मात्र सगळी मुंबई एकाच, तिसऱ्या भूकंप-विभागात आहे. संहिता पुढे जमिनीचे कठीण, मध्यम आणि मऊ असे प्रकार करते, उंच इमारतींसाठी मऊ जमिनीवर कातळाच्या १.६७ पट जोर धरायला सांगते. अभियंत्याला हे ठाऊक असतं. त्या इमारतीत राहणाऱ्याला क्वचितच.

वास्तविक पायाखालच्या जमिनीची माहिती कधी नव्हती इतकी आज गोळा होते आहे. उपनगरांत पुनर्विकास जोरात आहे, आणि नव्या टॉवरच्या पायाआधी सॉईल टेस्टिंगसाठी बोअर मारले जातात. भराव किती, चिखल किती, मुरूम कुठे, कातळ किती खोल, हे सगळं त्या अहवालात येतं. तो एका इमारतीच्या फाईलमध्ये बंद राहावा, हे मला अन्यायाचं वाटतं. जमीन शेजाऱ्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. हे अहवाल एका सार्वजनिक नकाशावर आले पाहिजेत.

महापालिकेची वाट न पाहता शाळांनी सुरुवात करावी. आधी प्रयोग सुधारावा: वाळू, शाडू आणि लादी एकाच फळीवर घट्ट बसवून फळीच हलवावी, वर पुठ्ठ्याचे कमी-जास्त उंचीचे मनोरे ठेवावेत, हलवण्याचा वेग बदलत कोणता मनोरा केव्हा डोलतो ते टिपावं. मग मुलुंडच्या मुलांनी स्टेशनच्या दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना गाठून एवढंच विचारावं: काका, तुमच्या बोअरमध्ये कातळ किती मीटरवर लागला?