एटीकेटी लागली म्हणून घरी बसता?

वह्या मिटा. आज तास नाही, आज हजेरीपटावर बोलायचंय. जुलैत या वर्गात बसायला जागा नव्हती. दिवाळी झाली आणि मागचे बाक ओस पडले. विचारलं की ठरलेलं उत्तर, 'सर, त्याला एटीकेटी लागली, आता तो येत नाही.'

अरे, एटीकेटी लागली म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेला पेपर पुन्हा द्यायची सोय मिळाली. सोय मिळालेला माणूस घरी बसतो? एक पेपर गेला की तुम्ही तोंड लपवता, तोंड लपवायला तास बुडवता, तास बुडाले की आणखी दोन पेपर जातात. मग हातपाय गाळून म्हणता, 'आपल्याला झेपत नाही.' झेपत नाही हे तुम्ही बघितलंत कधी?

'वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतो,' असं कुणीतरी परवा म्हणालं. नव्या शैक्षणिक धोरणात तशी वाट आहे खरी. पण ते प्रमाणपत्र ठरलेले क्रेडिट पूर्ण करणाऱ्याला मिळतं, पेपर अर्धवट टाकून पळणाऱ्याला नाही.

पैशांची ओढाताण मला दिसते. बाप दुसऱ्याच्या रानात राबतो, हेही ठाऊक आहे. म्हणूनच संताप येतो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आलाय, कारण उत्पन्नाचा दाखला जुना किंवा बँक खातं आधारशी जोडलेलं नाही. दोन दिवसांचं काम! पण लॉगिन करून बघायचंच नाही आणि मुदत गेली की नशिबाला बोल लावायचा. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1947 मध्ये काढलं, ते 'कमवा आणि शिका'च्या पायावर. ती योजना आजही अनेक कॉलेजांत आहे. तुमच्यापैकी किती जणांनी तिची चौकशी केली?

नापास झालात म्हणून मी रागावलेलो नाही. एका शब्दानं न सांगता निघून जाता, याचा राग आहे.

उद्या दहाला मार्कशीट आणि अर्जाची प्रिंट घेऊन यायचं. न येणाऱ्यांना त्यांच्या मित्रांनी आज रात्री फोन करायचा. कुठला पेपर कधी द्यायचा, ते माझ्यासमोर लिहून काढायचं. कॉलेज सोडायचंच असेल, तर घरच्यांना घेऊन या आणि मला तोंडावर सांगा. मी सहजासहजी सोडणार नाही.