बाभळीसाठी रडलेली आत्या

आमच्या घरात एक गोष्ट हसत हसत सांगितली जायची. रझाकारांच्या वर्षी, म्हणजे 1948 ला, आमचं गाव निजामाच्या हद्दीत होतं आणि बार्शी इंग्रजांच्या जुन्या हद्दीत. रात्री घोड्यांच्या टापा वाजायला लागल्या तशी गावातली बायकापोरं बैलगाड्या भरून बार्शीकडं निघून गेली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, गडीमाणसं आधी परतली, बायका दिवाळीनंतर आल्या. आत्या घरात पाऊल टाकायच्या आधी रानात गेली आणि तिथून बोंबलतच आली, "बांधावरची बाभळ कुणी तोडली?"

दादांनी तोडली होती. गाडी जाळून टाकलेली, नव्या चाकांना आरे पाहिजे होते, आणि आऱ्यांना बाभळीसारखं लाकूड नाही. बुंधा खणून काढला, मुळ्या जळणाला घातल्या, जागा नांगरून टाकली. आत्या दोन दिवस जेवली नाही. "एवढी कुणाच्या मरणाला रडली न्हाई," आजोबा म्हणायचे, आणि पुढं वर्षानुवर्षं तिला त्यावरून चिडवायचे.

आत्या तेव्हा पंचविशीची विधवा, पदरात सहा वर्षांची पोरगी. सासरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून माहेरीच राहिली. माझ्या आठवणीतली आत्या म्हणजे हातात खुरपं आणि बांधाच्या कडेला उकिडवी बसलेली. गवत काढायची. गवत नसलं तरी काढायची. आम्ही पोरं म्हणायचो, आत्याला त्या बांधाचा नाद आहे.

1984 ला ती गेली. 1991 ला विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत पाइपलाइनसाठी चर खणताना आमच्या सालगड्याचा टिकाव ठण्णकन वाजला. निघाली एक तांब्याची चरवी, तोंडाला फडकं आणि वर मातीचा लेप. आत दीड तोळ्याची बोरमाळ, चांदीचे दोन गोठ आणि 63 रुपये, सगळे चारमिनारच्या छापाचे, हाली शिक्क्याचे. गडी लांब सरकला. धनावर नाग बसलेला असतो म्हणतात ना. दादा मात्र चराच्या काठावर मटकन खालीच बसले. इकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "हितंच हुती ती बाभळ."

घरात त्या रात्री कुणी भाकरी नीट खाल्ली नाही. मला कळेना, हे तिनं लपवलं कुणापासून? रझाकारांपासून, हे खरंच. पण ते गेल्यावर छत्तीस वर्षं ती आमच्यात होती. एक शब्द सांगितला असता तर दोन गडी लावून अख्खा बांध उकरला असता. आई चुलीपुढनं बोलली, "वन्संची ठुशी मामंजींनी सावकाराकडं ठिवली हुती, ती परत आली का?" मग कुणी बोललं नाही. म्हणजे खुरपं घेऊन ती शोधत होती, आणि शोधताना आपण शोधतोय हे आम्हाला दिसू देत नव्हती. 1972 च्या दुष्काळात तिनं आईबरोबर रोज खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या. पायाखाली कुठंतरी तिचं स्वतःचं होतं, आणि ते बाहेर निघालं तर पुन्हा तिचं राहणार नाही, असा तिचा हिशेब असावा. तो चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही.

दादांचं म्हणणं सरळ होतं. रान आपलं, सापडलं आपल्या रानात, आणि तिला आयुष्यभर सांभाळलं आपण. आई म्हणाली, "सांभाळलं का राबवलं, ते एकदा ठरवा."

मी तेव्हा शाळामास्तर होतो. कायदा पुढं खूप वर्षांनी वाचला, 1878 सालचा निखात निधीचा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावं लागतं. आम्ही कळवलं नाही, हे इथं लिहून टाकतो. पण मला बोचलं ते वेगळंच. तो कायदा आधी विचारतो की हे पुरलं कुणी. शंभर वर्षांच्या आत पुरलेलं असेल आणि पुरणाऱ्याचा वारस पुढं आला, तर त्याला दिवाणी कोर्टात हक्क सिद्ध करायला वेळ देतात. कुणीच धनी निघाला नाही तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि रानाच्या मालकाला फक्त चौथाई. आमच्या घरात पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच होता: रान कुणाचं? आणि सापडणारा तर सालगडी. त्याला दादांनी एक धोतर आणि पाच रुपये दिले, वर म्हणाले, गावात बोलू नको.

वारस होती. आत्याची मुलगी, माझी आक्का. 1960 ला तिचं लग्न झालं ते काचेच्या बांगड्यांवर. 1956 च्या वारसा कायद्याप्रमाणं विधवा आईचं जे काही असेल ते मुलीचं. यात अवघड असं काहीच नाही. अवघड होते ते पाइपांचे कमी पडणारे पैसे.

शेवटी दादांनी तोड काढली. बोरमाळ आक्काला द्यायची, चांदी पाइपांत घालायची. पोचवायला मला पाठवलं. वाटेत एसटीत मी वाक्य जुळवत गेलो आणि तिच्या ओसरीवर बसून म्हणालो, "आत्यानं जाताना सांगितलं होतं, ही तुझ्यासाठी ठेवलीय."

आक्कानं माळ ओंजळीत घेतली, नाकाला लावली. मातीचा वास राहिला असेल तर राहिला असेल. मग म्हणाली, "आई जाऊन सात वर्सं झाली. तू आज आलास व्हय?"

मी पाणी प्यायलो.

"आनखी काय हुतं त्यात?"

"एवढंच."

आई गेली, दादा गेले. आक्कानं ऐंशी ओलांडलीय, त्या पाण्यावर वरची पट्टी अजून भिजते. माझं खोटं दयेचं होतं असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आत्याची आठवण तिला गोड राहावी वगैरे. पण निम्मं ठेवून घेणाऱ्यानं दया कशाला म्हणावं? आत्या ज्यांच्यापासून लपवत होती त्यांच्यात शेवटी मीही निघालो.

औंदा दिवाळीला जाऊन तिला सगळं सांगायचं ठरवलंय. वहीत मांडून ठेवलंय: गोठ वीस तोळे, रुपये 63, त्यातले तीन अजून आईच्या पेटीत आहेत. मुलाला वही दाखवली. तो शिकलेला आहे, व्यवहारी आहे. त्यानं वाचली आणि विचारलं, "द्यायचे ते तेव्हाच्या भावानं का आजच्या?"