श्रमदानाची हजेरी

रविवारी सकाळी सातला वैनगंगेच्या घाटावर हजर राहावे, सोबत झाडू आणावा, काम करतानाचा फोटो ग्रुपवर टाकावा, न आल्यास लेखी खुलासा द्यावा. असे फर्मान निघते आणि त्याच्या माथ्यावर लिहिलेले असते ‘श्रमदान’. बालाघाटचेच कशाला, कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी जा, हेच. बाबूलोकांचे एक वेळ सोडा, त्यांचा रविवार बुडतो, पगार बुडत नाही. पण आठवडाभर नाल्या उपसणाऱ्या नगर पालिकेच्या दैनिक वेतनभोग्यालाही त्याच रांगेत फुकट उभे केले, तर त्याने नेमके काय दान केले? ज्या दानासाठी खुलासा मागतात, त्याला आमच्याकडे वसुली म्हणतात.

आणि गंमत अशी की, नगर पालिका-पंचायतींच्या कर्मचाऱ्यांना समाजकामासाठी वर्षाकाठी दोन-चार दिवस पगारी रजा द्या, असे कुणी म्हटले की हेच लोक नाक मुरडतात. पगार घेऊन कसली सेवा? त्यांच्या मनात श्रमदानाचे एक सत्ययुग असते. गाडगेबाबा, सेनापती बापट, तुकडोजी महाराज, विनोबा. पुढे सरकारी खाती आली, फोटो आले आणि सगळे नासले, असा तो हिशेब.

गाडगेबाबांबद्दल वाद नाही. खराटा त्यांचा, गाव त्यांनी निवडलेले, आणि हात कधी थांबवायचा हेही तेच ठरवणार. 1955 च्या ग्रामगीतेने सामुदायिक कामाची गोडी विदर्भातल्या घराघरांत नेली, तेही खरे. पण नासाडी फोटोंनी केली, हे मला पटत नाही. ती फार आधी झाली, आणि ज्या वर्षांना आपण सत्ययुग म्हणतो, त्याच वर्षांत झाली.

तारखा जवळजवळ ठेवून पाहा. आपला जिल्हा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात. 26 जानेवारी 1950 ला राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने बेगार गुन्हा ठरवली. 1951 मध्ये मालगुजारी गेली. मालगुजाराच्या बांधावर, त्याच्या वाड्यावर फुकट राबलेली माणसे तेव्हा हयात होती, धडधाकट होती. बैहरकडच्या वनग्रामांत तर जमीन कसायची म्हणजे जंगल खात्याच्या कामाला जायचे, असाच करार. आणि 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास योजना आली. तिने गावाकडे काय मागितले? रस्त्यासाठी, शाळेसाठी, विहिरीसाठी श्रम. त्या श्रमाची रुपयांत किंमत लावून ‘लोकसहभाग’ म्हणून नोंद. मालगुजार जाऊन दीड वर्ष होत नाही तोच ब्लॉकचा साहेब आला, आणि कुदळ पुन्हा त्याच हातात.

नरसिंहपूरचे श्यामाचरण दुबे पुढे मोठे समाजशास्त्रज्ञ झाले. त्यांची पीएच.डी. नागपूरचीच. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या विकास योजनेच्या खेड्यांचा त्यांचा अभ्यास 1958 मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांना दिसले ते असे : श्रमदानाचा रस्ता झाला की फायदा बैलगाडी आणि शेतमाल असणाऱ्यांचा, मिरवणेही त्यांचेच. घाम भूमिहीनांचा, खालच्या मानलेल्या जातींचा. त्या लोकांना हे बेगारीचे पुनरागमन वाटत होते. लक्षात घ्या, ही टीका आजची नव्हे, ऐन बहराच्या काळातली आहे. विनोबा पदयात्रेवर होते, गाडगेबाबांना जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती.

म्हणून मला वाटते, बिघाड सरकार शिरल्यामुळे झाला नाही. कुणाकडे देण्याजोगा वेळ आहे, हा प्रश्न न विचारता सगळ्यांकडून सारखेच मागितले, तिथे तो झाला. ज्याची दिवसाची मजुरी हीच चूल, त्याने दिवस द्यायचा म्हणजे चूल द्यायची. महाराष्ट्राला हे 1972 च्या दुष्काळात उमगले. रोजगार हमीने खडी फोडणाऱ्या हातावर मजुरी ठेवली, त्याग शिकवला नाही. 1982 मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेले कामही सक्तीचे श्रम ठरवले. तरी 2014 ची शंभर तासांची स्वच्छतेची शपथ आली, 2023 चा ‘एक तारीख, एक घंटा’ आला, आणि कचेऱ्यांतून पुन्हा हजेरी सुरू झाली.

पगारी रजा ही काही विलायती टूम नव्हे. विलायतेत 2015 मध्ये हुजूर पक्षाने मोठ्या कंपन्यांच्या व सरकारी नोकरांना तीन दिवस देण्याचे वचन दिले आणि ते तसेच विरले. आपल्याकडे मात्र केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला रक्तदानासाठी वर्षातून चार वेळा, आणि 2023 पासून अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. त्या रक्तदात्याला कुणी म्हणत नाही की, पगार घेतलास, रक्त खोटे. शिवाय तिथे दाखला रक्तपेढी देते, स्वतःचा साहेब नव्हे.

समाजकामाच्या रजेचेही तसेच असावे. काम कर्मचारी निवडील, लांजीतला तलाव असो की घराजवळची अभ्यासिका, आणि दाखला ज्यांचे काम केले ते देतील. शासकीय मोहिमेत ती खर्ची टाकायची नाही. यादीत पहिले नाव दैनिक वेतनभोग्याचे हवे, त्या दिवसाच्या मजुरीसकट. लेखापाल म्हणेल, यांच्यासाठी रजेचे शीर्षच नाही. ते उघडायला परिषदेचा ठराव लागेल, आणि पैशाची तरतूद.