दान आणि अपेक्षा

शेक्सपिअरचा लिअर राजा आमच्या नाशिक जिल्ह्यास परका नाही. शिरवाडकरांनी १९७० साली ‘नटसम्राट’ लिहिताना त्याचा मुकुट उतरवून गणपतराव बेलवलकर हा वृद्ध नट उभा केला. १९७८ साली आरिबर्ट रायमान यांनी म्युनिकच्या रंगभूमीवर तोच राजा जर्मन संगीतनाटकात आणला. पण दुःखाला गोडवा न लावता, कानाला बोचणाऱ्या स्वरांत. वेष पालटला, भाषा पालटली. प्रश्न मात्र तोच राहिला: सर्वस्व दिल्यावर प्रेम मागण्याचा अधिकार उरतो काय? लासलगावात मुलांच्या नावे शेत करून देणाऱ्या बापालाही तो चुकत नाही. आमच्या मते, परतफेडीची अट घातलेले दान हा निव्वळ व्यवहार होय. परंतु बापाच्या या प्रमादाने मुलांचे ऋण फिटत नाही. वादळात म्हाताऱ्याच्या तोंडावर दार लावण्याचा हक्क कोणत्याही तर्काने सिद्ध होत नाही.